एच की हेच?

ती. हेझलताईस,

धाकट्या विल्बर्टचा नमस्कार. तुझे गुडघे, भावोजींचा दमा आणि तुमच्या बालिमीना गावाचा वारा, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे.

मी मजेत. जन्मभर लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवल्या, आता विद्यापीठात स्वतः बसतो. ‘धर्म, राजकारण आणि संघर्ष’ या विषयात एम.ए. (शाळा पंधराव्या वर्षी सुटली, वाचन सुटलं नाही, हे प्रवेशाच्या वेळी मी सविस्तर सांगितलं. ते थांबवेपर्यंत.) वर्गातली पोरं गोड आहेत, चहा बरा असतो, आणि मर्टल म्हणते की घरात शांतता नांदते आहे. एकूण सगळेच सुखी.

प्रबंधाचा विषय मीच ठरवला: बेलफास्टात माणूस समोरच्याची बाजू कशी ओळखतो. इंग्रजीतल्या त्या आठव्या अक्षराला आपण प्रोटेस्टंट ‘एच’ म्हणतो आणि कॅथलिक ‘हेच’ म्हणतात, हे तुला सांगायला नको. माझा सिद्धांत असा की नाव फसवेल, शाळा फसवेल, हे अक्षर कधी फसवत नाही. सालोनेनबाईंनी (प्राध्यापिका, फिनलंडच्या, म्हणून निःपक्षपाती) विषय मान्य केला तरच पुढे जायचं, नाहीतर परत फरशा.

मंगळवारी वर्गापुढे उभा राहिलो. फर्डा बोललो. मध्येच पाहतो तर ब्रोना, फॉल्स रोडवरची, म्हणजे अर्थात कॅथलिक, चुणचुणीत मुलगी, बॉलपेनने टिपणं काढतेय. मला असलं खपत नाही. म्हटलं, "बाळ, खोडता येईल असं लिहावं. हेच-बी पेन्सिल घे."

"काका, काय बी?"

"हेच-बी!"

"अगं बाई, तुम्ही तर आमच्यातलेच निघालात! रविवारी आमच्या चर्चमध्ये मिस्साला येताय ना? पुढच्या बाकावर जागा धरते."

मी साफ नाकारलं. मग सालोनेनबाईंनी ध्वनिमुद्रण लावलं. (बारकाई म्हणून मोबाइल मीच सुरू ठेवला होता.) स्वच्छ ‘हेच’. दोनदा. घरी मर्टलला विचारलं, तर म्हणते, "लग्न झाल्यापासून असंच म्हणतोस. मला वाटायचं, दाताचं काही असेल."

मग आठवलं. आपल्याला अक्षरं आजीने शिकवली. ती न्यूरीहून, म्हणजे कॅथलिकांच्या गावाहून, लग्न होऊन आली, आणि तिच्या माहेरचं एक माणूस कधी आपल्या दारात आलं नाही. कुणी विचारलंही नाही. (न विचारणं हाच आपल्या घरातला मुख्य धर्म.)

बाईंचा निकाल: विषय मान्य, सिद्धांत अमान्य, आधी स्वतःच्या घरात चौकशी करून या.

तुझा,
विल्बर्ट

ता.क. भावोजींना हे वाचून दाखवू नकोस. जुलैच्या आपल्या प्रोटेस्टंट मिरवणुकीत झेंडा त्यांच्याकडे आहे, हात थरथरायला नको.

आणखी ता.क. खरं काम असं. फोनवर कुणी तुझ्या नावाची अक्षरं विचारली, तर पहिलं अक्षर तू काय सांगतेस? लिहून कळवू नकोस, लिहिताना माणूस विचार करतो. फोन कर आणि विचार न करता बोल. ‘हेच’ निघालं तर प्रबंधाला दोन उदाहरणं झाली. ‘एच’ निघालं, तर तुला दत्तक घेतलं होतं असं मी तळटीपेत लिहीन.