पहिल्या क्रमांकाऐवजी एक पत्र मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
प्राथमिक आरोग्य केंद्र, आडवणे,
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग.

अर्जदार : गंगाराम भिवा परब, शाखा डाकपाल, मु. पो. काजरवणे, ता. मालवण.

विषय : अर्जदाराची पत्नी सौ. आनंदीबाई हिला कर्करोग तपासणीसाठी बोलावणारे पत्र तिच्या स्वतःच्या नावे टपालाने पाठविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २५ जानेवारी १९८६ चा तक्रार अर्ज.
२) आपले दि. १० फेब्रुवारी १९८६ चे उत्तर.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ च्या अर्जात अर्जदाराने अशी मागणी केली होती की, दि. १९ जानेवारी रोजी काजरवणे येथे झालेल्या शिबिराच्या वहीतील क्रमांक एक खोडावा व तो अर्जदाराच्या घराच्या नावे लिहावा. ती मागणी अर्जदार आज मागे घेत आहे. मात्र ती का केली होती, हे सांगितल्याशिवाय आजची विनंती आपल्या ध्यानात यावयाची नाही.

२. शिबिर सातेरीच्या देवळात होते. बायकांची यादी गावानेच करावी, असे आपण कळविले होते. आमच्या गावात बायकांची यादी एकाच कामासाठी होते, ती म्हणजे जत्रेत देवीची ओटी भरण्यासाठी. गावाने तीच यादी आपल्या परिचारिका विमलाताई यांच्या हाती दिली. त्या यादीत पहिला मान परबांच्या वरच्या व खालच्या घराकडे पाळीने असतो. वरचे घर अर्जदाराचे, खालचे घर त्याचा चुलत भाऊ काशिनाथ याचे. पाळी एका जत्रेपासून पुढच्या जत्रेपर्यंत चालते, म्हणजे मार्गशीर्षापासून ती अर्जदाराच्या घराची होती. परंतु काशिनाथ देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "सरकारचा काम, सरकारचा वर्स. जानेवारी लागलो, पाळी आमची." विमलाताई बाहेरगावच्या. त्यांनी काशिनाथची पत्नी सौ. सुगंधा हिला क्रमांक एक दिला आणि आनंदीबाईस दोन.

३. अर्जदार आपल्या घरच्या नऊ बायकांना रांगेतून उठवून घरी घेऊन गेला. आनंदीबाई सभामंडपात बसली होती व तिच्या हातात चिठ्ठी होती. ती उठताना एवढेच म्हणाली, "दोन नंबरान काय जीव जाता?" हे कृत्य सर्वस्वी अर्जदाराचे आहे. त्यात आपल्या केंद्राचा दोष नाही, काशिनाथचाही नाही.

४. क्रमांक एकच्या तपासणीत सुगंधाच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा सापडला. ही बातमी ऐकून अर्जदारास प्रथम बरे वाटले. ज्याने मान ओढून नेला त्याच्याच घरी आजार गेला, असे त्याच्या मनात आले. आपण डॉक्टर आहात, म्हणून हे लपवीत नाही. पुढे तुकडा काढून तपासला गेला, आजार अगदी सुरुवातीचा निघाला, सुगंधा मुंबईस जाऊन लहानशी शस्त्रक्रिया करून मार्चच्या मध्यास परत आली, आणि बरे वाटणे संपले.

५. आता अर्जदारास जे सोसवत नाही ते असे. काजरवण्याचे डाकघर अर्जदाराच्या घराच्या पडवीत आहे. टपालाची थैली तेथेच उघडते. आजवर आपल्या केंद्राकडून सुगंधाच्या नावे सहा पत्रे आली. एक अहवालाचे, एक मुंबईत रुग्णासोबतच्या माणसास उतरावयाच्या धर्मशाळेच्या पत्त्याचे, बाकीची पुढील तपासणीच्या तारखांची. सहाही पत्रे अर्जदाराने स्वतःच्या हाताने शिक्का मारून खालच्या घरी धाडली, आणि सहाही वेळा आनंदीबाई दाराशी उभी होती. विमलाताई पंधरा दिवसांनी येतात, त्या काशिनाथच्या घरापुढच्या खळ्यात बसतात. भोवती गावच्या बायका जमतात. त्यांचे हसणे दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून अर्जदाराच्या स्वयंपाकघरात येते. सुगंधाने मशेरी सोडली. ती आता बॅटरी घेऊन दुसऱ्यांच्या तोंडात पाहते, कुणाचे तोंड पुरते उघडत नाही, कुणाची जखम भरत नाही ते विमलाताईंना सांगते, आणि छातीतली गाठ दुखत नसली तरी दाखवावी, हे सुनांना समजावते. अर्जदाराने रांगेतून उठवलेल्यांपैकी आठ जणी तिच्याबरोबर एकाच मंगळवारी आपल्या केंद्रात जाऊन तपासून आल्या. अर्जदारास कोणी विचारले नाही. नववी आनंदीबाई.

६. शिमग्याच्या सणात आनंदीबाईने घरी केलेले तिखट खाल्ले नाही. तेव्हापासून ती गार केलेली पेज भिंतीकडे तोंड करून पिते. विचारले तर "दात दुखता" म्हणते. मशेरी मात्र सोडत नाही. "तिणी सोडली म्हणान मी सोडू?" असे तिचे म्हणणे आहे. चार आठवडे झाले.

७. आपले संदर्भ क्र. २ चे उत्तर अर्जदारास वेळेत मिळाले होते. क्रमांकाचा तपासणीशी काही संबंध नाही, राहिलेल्या महिलांनी कोणत्याही मंगळवारी सकाळी यावे, तपासणी विनामूल्य आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. क्रमांकाबद्दल हवे ते उत्तर नव्हते, म्हणून अर्जदाराने ते पेटीत ठेवले आणि घरात सांगितले नाही. ते आनंदीबाईस शिमग्यानंतर दाखविले. तिने पत्त्यावरचे नाव वाचले आणि म्हणाली, "ह्या तुमचा पत्र. सुगंधाक सहा इली. माका एक तरी इला? बोलावल्याशिवाय मी खंय जावचंय नाय."

८. यावर अर्जदाराने जे केले ते त्याच्या खात्याच्या नियमांत बसत नाही. त्याने आपल्या केंद्राच्या नावाने एक कार्ड स्वतः लिहिले, त्यावर काजरवण्याचा शिक्का मारला आणि थैलीतून निघाले असे भासवून तिच्या हाती दिले. एकवीस वर्षे ती त्या पडवीत वावरते. तिने कार्ड उलटेसुलटे पाहिले. "हेच्यार आडवण्याचो शिक्को खंय आसा? हो एकटो तुमचोच. माका काय पोर समाजलात?" या कार्डाबद्दल डाक अधीक्षकांस कळवावयाचे असल्यास आपण अवश्य कळवावे, परंतु पुढील विनंती मान्य केल्यानंतर कळवावे.

९. विनंती अशी की, आपल्या केंद्राच्या कागदावर, आपल्या सहीचे पत्र "सौ. आनंदीबाई परब" या नावाने लिहावे. "द्वारा गंगाराम परब" असे लिहू नये. ते कोणाच्या हाती न देता आडवण्याच्या डाकघरातून टाकावे, म्हणजे तिकडचा शिक्का उमटेल. कोणता मंगळवार, तेवढे लिहावे. क्रमांक लिहू नये. लिहावाच लागला तर शेवटचा लिहावा.

१०. सोबत कोणी यावे, हेही पत्रात असावे. ही ओळ लिहिण्यासाठी अर्जदाराने हा अर्ज तीन दिवस अडवून ठेवला होता. गेल्या गुरुवारी संध्याकाळी आनंदीबाई गडग्याशी उभी होती. पलीकडून सुगंधा म्हणत होती, "मी काय शाणी म्हणान गेलंय जावबाय? पयलो नंबर आमचो म्हणान मिरवूक गेलंय. दोन नंबर माका असतो तर मीय उठान इलंय असतंय." त्यावर दोघी हसल्या. मग आनंदीबाईने हळू आवाजात विचारले, "तुकडो काढतत तेवा दुखता काय गो?" अर्जदाराच्या संसारास एकवीस वर्षे झाली. कोठे दुखते, किती दुखते, भीती वाटते की नाही, यातले एक अक्षर तिने अर्जदारास सांगितलेले नाही. तिने ते खालच्या घरास विचारले. अर्जदारास त्या रात्री जेवण गेले नाही. तरी पत्रात सोबतीस सौ. सुगंधा काशिनाथ परब हिचेच नाव लिहावे. अर्जदार एस.टी.पर्यंत जाईल व थांब्यावरून परत येईल.

आपण लिहाल त्या मंगळवारावर डोळे लावून बसलेला, नम्र,

(सही)
गंगाराम भिवा परब
काजरवणे, दि. २१ एप्रिल १९८६

सोबत :
१) आपल्या दि. १० फेब्रुवारीच्या उत्तराची नक्कल.
२) परिच्छेद ८ मधील कार्ड, फाडून टाकण्यासाठी.
३) तिकीट लावलेला एक लिफाफा. पत्ता घातलेला नाही. अर्जदाराचे अक्षर ती ओळखते.