भिंतीवरची रांग

प्रिय दादा,

तुझ्या पुस्तकाची प्रुफं मिळाली. गुरुवारी छापायला जायचं म्हणून तू दोनदा फोन केलास आणि दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये असल्याचं सांगितलं. मीटिंगबिटिंग काही नव्हती. प्रुफं तपासून तीन दिवस झाले. बारीकसारीक चुका आहेत, त्या लाल पेनाने दुरुस्त केल्यात. पण एक पान असं आहे की ते तसंच छापून येऊ नये असं मला वाटतं, आणि का ते फोनवर सांगायची माझी छाती होत नाही. म्हणून हे पत्र.

मुलांसाठी छान लिहिलंयस. ‘माकड आपला आजोबा नाही, लांबचा चुलतभाऊ आहे, दोघांचा खापरपणजोबा एकच, आणि तो आज हयात नाही.’ हे वाक्य वाचून मी हसले आणि मग पेन खाली ठेवलं. हेच तू नऊ वर्षांपूर्वी आमच्या संग्रहालयात माझ्या फलकासमोर उभं राहून सातवीच्या बेचाळीस मुलांना सांगितलं होतंस. वर म्हणालास, भिंतीवरचं चित्र साफ चुकीचं आहे, ते विसरून जा. मी जिन्यात उभी होते. फार राग आला होता, खोटं कशाला बोलू. फलक मी केलाय हे तुला ठाऊक होतं.

चित्र चुकीचं आहे हे मलाही ठाऊक होतं. पेंटरला मी झाड काढायला सांगितलं होतं. भरपूर फांद्या, आणि त्यातल्या एका कडेच्या फांदीवर माणूस. पण भिंत लांबट, छत बुटकं, त्यात आमच्या संचालक साहेबांचा नियम की कुठल्याही फलकावर चाळीसच्या वर शब्द नकोत, लोक वाचत नाहीत. माकडापासून माणसापर्यंतची रांग चाळीस शब्दांत बसते, झाडाला निदान दोनशे लागतात. शेवटी पेंटरने वाकलेल्यापासून ताठ उभ्यापर्यंत पाच जण एकामागे एक उभे केले आणि शेवटच्याला साहेबांच्या मिशा दिल्या. साहेब खूश. लोकही खूश, नवऱ्याला माकडाशेजारी उभं करून फोटो काढायचे. मग ठरलेला प्रश्न यायचा, ‘मग आताची माकडं का नाही माणसं होत?’ विचारणाऱ्याला वाटायचं, आपण विज्ञानाची बोलतीच बंद केली. तो प्रश्न त्याच्या हातात माझ्याच चित्राने दिला होता. रांग दाखवल्यावर मागचे पुढे का सरकत नाहीत, हे कुणीही विचारणारच.

पलीकडच्या खोलीत विश्वाची उत्पत्ती आहे. तिथे साहेबांनी स्पीकर लावून दर अर्ध्या तासाला ‘धडाम’ ठेवलंय. बाहेर येणारी माणसं विचारतात, स्फोट नेमका कुठे झाला, पेटवला कुणी. ‘कुठे’ असं काही नव्हतंच, अवकाशच पसरत गेलं, असं मी सांगायला लागले की घड्याळ बघतात. एक बाई तर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘जाऊ द्या हो, नुसता सिद्धांतच ना तो?’ जळो ही नोकरी, असं कितीदा मनात आलं. सोडली मात्र नाही.

तर त्या दिवशी तुझ्या वर्गातली मुलं घरी गेली आणि चार घरांतून तक्रार आली, सर म्हणतात माकड आपला भाऊ. आजोबा चालला असता, तो भिंतीवर होताच. भाऊ मात्र झोंबला. शाळेच्या चौकशीला तिघे बसले, तिघांचंही विज्ञान शाळेबरोबरच सुटलेलं. तू त्यांनाच शिकवायला लागलास. दादा, तू बरोबर होतास, पण बरोबर असलास की तुझ्या जिभेला हाड राहत नाही. ‘तुमच्यापेक्षा माझी पोरं शहाणी’ हे म्हणायची काय गरज होती? तरीही त्यांनी तुला तिथल्या तिथे काढलं नाही. संग्रहालयाला एकच प्रश्न विचारायचा असं ठरवलं, चित्र खरं की मास्तर खरे.

उत्तर गेलं. तुझा वर्ग गेला. ज्याला फळ्यासमोर तहानभूक आठवत नसे, त्याला ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. निवृत्त होईपर्यंत तू शिक्केच मारलेस. मी रोज संध्याकाळी तुझ्याकडे यायचे, तू साहेबांना शिव्या घालायचास, मी ऐकून घ्यायचे. वहिनी चहा देताना म्हणायची, नणंद असावी तर अशी.

आता ते पान. पुस्तकाच्या सुरुवातीला तू लिहिलंयस, ‘धाकटीला, सगळे फिरले तेव्हा जी एकटी माझ्या बाजूने उभी राहिली.’ दादा, ते पान काढ. ते उत्तर साहेबांनी दिलं नव्हतं. शाळेचं पत्र त्यांनी न वाचताच माझ्या टेबलावर टाकलं, फलक तुमचा, तुम्हीच काय ते कळवा म्हणाले. मी कळवलं, चित्र शास्त्रशुद्ध आहे, शिक्षकांनी विपर्यास केला. खाली सही माझी आहे. तू वरचं संग्रहालयाचं नाव पाहूनच भडकलास, सहीपर्यंत पोचलाच नाहीस. घाबरून लिहिलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. मुलांसमोर तू मला खोडून काढलंस, त्याचं उट्टंही मी त्यात काढलं. रोज यायचे ते एवढ्यासाठी, की एखाद्या दिवशी तू विचारशील आणि मी सांगून टाकेन. तू कधी विचारलं नाहीस, माझ्यावर संशय घ्यायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. हे पुस्तक मुलं वाचतील, दादा. सगळं खरं लिहिलंयस त्यात, एवढं एकच वाक्य खोटं आहे.

तुझीच, हे लिहायचा हक्क राहिला असेल तर,
धाकटी