माधुरी सोफियाला जाऊन आली

रविवार, संध्याकाळ. अल खौद, मस्कत.

माधुरी सोफियाला जाऊन आली आणि मला सांगितलंसुद्धा नाही.

रोमानियातल्या बुखारेस्टहून रेल्वेने बल्गेरियातल्या सोफियाला जायचं, हा आम्हा दोघींचा तीन वर्षांचा बेत. इथे मस्कतला रेल्वेच नाही, म्हणून तर सुचला. मी वही केली होती. गाडी कुठे बदलायची, सोफियात मेट्रो स्टेशनाजवळच रोमन काळातला रस्ता कसा बघायचा, सगळं. जूनमध्ये ती म्हणाली, "यंदा नाही जमत गं, सासूबाईंना बरं नाही." मी रजा रद्द केली. वही तिच्याकडेच राहिली. वर सासूबाईंसाठी आठवडाभर पेज करून पाठवली!

आज चहाला गेले, तर तिची लेक अडखळत्या मराठीत म्हणाली, "मावशी, तुमची वही ट्रेनमध्ये खूप यूज झाली."

माधुरीचा चेहरा पडला. "नणंदेने अचानक तिकिटं काढली गं. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

वाईट वाटेल म्हणून? की मी नकोच होते? आणि वही मात्र चालली. माझी वही!

ती मागून घेतली आणि उठले. दारात मात्र राहवलं नाही. विचारलं, "गाडी डॅन्यूब नदीच्या पुलावरून जाते, तेव्हा कसं दिसतं?"

"अगं, तेव्हा आम्ही सगळ्या झोपलो होतो."

भांडायचं होतं, ते राहूनच गेलं. चपला घातल्या आणि आले. रजेचा अर्ज लिहून ठेवलाय. एकटीच जाणार, आणि पूल येईपर्यंत जागी राहणार.