नऊ ते सहा घरीच थांबा

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचा! टेम्पोवाल्याने सामान उतरवलं, घटाघटा पाणी प्यायला आणि जाताना म्हणाला, साहेब, घर झकास मिळवलंत. खरंच झकास आहे. गल्लीतलं शेवटचं, बैठं. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे फरशी घातलेलं छोटं अंगण. दर्शनी खोलीत गजांची मोठी खिडकी आहे आणि खिडकीशी एक वेताची हातांची खुर्ची. तिच्यात बसलं की दार, फाटक आणि अख्खी गल्ली दिसते. भाडं ऐकून मला वाटलं होतं की मालकीणबाईंची काहीतरी गफलत होतेय. पण समोरच्याची चूक आपल्या पथ्यावर पडत असेल तर ती कशाला दाखवायची?

बाई पन्नाशीच्या, पेशाने परिचारिका, पलीकडच्या गल्लीत एकट्याच राहतात. नवा शाखाप्रमुख येतोय हे कळल्यावर त्यांनी आपणहून ऑफिसात निरोप ठेवला होता की साहेबांसाठी घर आहे. फार बोलत नाहीत. किल्ली देताना एवढंच म्हणाल्या की अप्पा गेल्यापासून घर बंद होतं, तुम्ही आलात ते बरं झालं. अप्पा म्हणजे त्यांचे वडील.

एकच खोट. घरात मोबाइलला रेंज नाही. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याच्या दुकानापर्यंत जावं लागतं. म्हणजे इंटरनेटची जोडणी तातडीने हवी. बायकोचं भाषांतराचं सगळं काम त्यावरच चालतं. सोळा तारखेला तिकडचं बिऱ्हाड मोडून ती येणार. तेरा दिवस म्हणजे रगड. इंटरनेट कंपनीचा शाखाप्रमुख मी, आणि माझ्याच घरी बोंब! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ही वहीसुद्धा तिचीच भेट. नव्या गावी बोलायला कोणी नसेल, तर रोज चार ओळी लिहा म्हणाली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऑफिस छोटंसं आहे. चार टेबलं, केबलच्या गुंडाळ्यांनी भरलेली एक खोली, आणि एक लाइनमन, ज्याला सगळे 'टोपी' म्हणतात, कारण तो टोपी कधी काढत नाही. टोपी म्हणाला, साहेब, आत्ता येतो आणि तासाभरात जोडून देतो. मी नको म्हटलं. चारचौघांसारखा अर्ज केला, शाखा कशी चालते ते कळावं म्हणून. दुपारी मेसेज आला: गुरुवारी तंत्रज्ञ येईल, नऊ ते सहा घरीच थांबा.

चहाच्या वेळी मंडळींना मुख्य कार्यालयातल्या गमती सांगितल्या. आठ वर्षं तक्रारींच्या टेबलावर होतो, पण माझ्याकडे तक्रार कधी शिळी झाली नाही. युक्ती सोपी आहे. पाठवायला माणूस नाही आणि मुदत तर संपत आली, की शेरा मारायचा, 'ग्राहक घरी नव्हता'. तक्रार बंद! ग्राहक पुन्हा फोन करतो, पुन्हा नवी तक्रार, पुन्हा नवी मुदत. या कामगिरीवरच तर ही बढती मिळाली. सगळे हसले. टोपी तेवढा हसला नाही. त्याने विचारलं, आणि ग्राहक खरंच घरी असला तर? मी म्हटलं, घरीच आहे ना, मग बसेल आणखी एक दिवस.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

रजा टाकून दिवसभर घरी बसलो. कोणी आलं नाही.

वेळ जाता जाईना म्हणून घर न्याहाळलं. दाराच्या चौकटीवर आतल्या बाजूने पेन्सिलीने बारीक, वळणदार अक्षरात लिहिलंय: 'ता. ९. नऊ ते सहा. आले नाहीत.' त्याखाली, 'ता. १०. नऊ ते सहा. आले नाहीत.' अशा बारा ओळी. शेवटची वाकडी होत गेलेली आणि अर्धीच. हसू आलं. कुठल्यातरी कंपनीने म्हाताऱ्याला चांगलंच ताटकळत ठेवलेलं दिसतंय.

सहा वाजता इस्त्रीवाल्यापाशी गेलो तर मेसेज येऊन पडलेला. ग्राहक घरी नव्हता.

माझंच अस्त्र माझ्यावर? टोपीला उद्या बघतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

टोपीला सगळ्यांसमोर झाडलं. तो आईची शपथ घेऊन सांगत होता की साडेअकराला आलो, तीनदा बेल वाजवली, दार ठोठावलं. मी म्हटलं, अरे, ज्या शाळेत तू शिकतोयस तिचा मी हेडमास्तर आहे! मेमो हातात ठेवला आणि उद्याची वेळ घेतली. चेहरा पडला त्याचा. बरं वाटलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी खुर्चीत बसायला गेलो तर बैठक कोमट लागली, नुकतंच कोणीतरी उठून गेल्यासारखी. ऊन असेल म्हटलं. पण ऊन त्या बाजूला चारनंतर येतं. मग मी दाराजवळ स्टूल घेऊन बसलो. आज टोपीला रंगेहाथ पकडायचंच.

अकरा वीसला मोटारसायकल वाजली. मी उठायच्या आत मागे खुर्ची करकरली. चपला घासत कोणीतरी माझ्या अंगावरून दाराकडे गेलं. दिसलं काही नाही. दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास आला. मी कडीला हात घातला. ती हलेना. कडी अडकलेली असली तर हाताला कळतं, आपण एवढी वर्षं दारं उघडतोय. ही अडकलेली नव्हती. कोणीतरी मुठीत धरली होती.

खिडकीतून टोपी दिसत होता, फाटकाच्या आत, दाराच्या पायरीवर. बेल दाबताना दिसला, पण घरात बेल वाजली नाही. मी ओरडलो, गज बडवले. त्याने सरळ खिडकीकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली, चार पावलं मागे जाऊन मोबाइल उचलून धरला आणि निघून गेला.

सहाच्या ठोक्याला कडी एका बोटाने सरकली.

रविवार, ९ नोव्हेंबर

सुतार आणला. त्याने दहादा दार उघडलं, मिटलं. म्हणाला, साहेब, कडी लोण्यासारखी चालतेय, दारू-बिरू घेता का? हसण्यावारी नेलं. हिला फोनवर यातलं काही बोललो नाही. ती म्हणाली, आवाज का असा? म्हटलं, सर्दी.

सोमवार, १० नोव्हेंबर

टोपीने मेमो टेबलावर परत ठेवला. म्हणाला, साहेब, हा आता तुम्हीच ठेवा. शनिवारी खिडकीत तुमचे वडील बसले होते, त्यांनीच हाताने जा, जा अशी खूण केली. वडीलधाऱ्या माणसाने जा म्हटल्यावर मी काय करणार? पुरावा म्हणून त्याने फोटो काढलाय. बंद दार, खिडकी, खिडकीत खुर्ची. खुर्चीतून वर आलेला एक वाळका हात.

माझे वडील मी दहा वर्षांचा असताना गेले.

खुर्चीच्या मागे, अंधारात, मी आहे. तोंड उघडं, दोन्ही हात गजांवर. टोपीला तो मी दिसलोच नाही. मी बोट ठेवून दाखवलं तरी त्याला दिसेना.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ऑफिस सुटल्यावर बाईंना दवाखान्यात गाठलं. बाई पट्टी गुंडाळत होत्या. त्यांनी ती पुरी केली, हात धुतले आणि मला बाकावर बसायला सांगितलं. जणू माझी वाटच पाहत होत्या.

गेल्या वर्षी अप्पांची जोडणी बंद पडली. घरातला फोनही त्याच वायरवर होता. बाई तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होत्या. अप्पा रोज इस्त्रीवाल्यापर्यंत जाऊन तक्रार नोंदवायचे आणि परत येऊन खिडकीत बसायचे. बारा दिवस. जेवणाचं ताटसुद्धा खुर्चीत घेऊन बसायचे, का तर माणूस येईल, दार उघडायला उशीर झाला तर परत जाईल. बाराव्या दिवशी छातीत कळ आली. फोन बंद. शेजारी नाही. दार आणि खुर्ची यांच्या मधे सापडले.

मी म्हटलं, वाईट झालं. कंपनीला लिहायचंत.

बाई म्हणाल्या, "लिहिलं होतं. तुम्हीच उत्तर दिलंत. तीन ओळींचं. बाराही वेळा ग्राहक घरी नव्हता, सबब कंपनीचा दोष नाही. खाली तुमची सही."

मला ते पत्र आठवलं. जेवणाच्या सुट्टीआधी उरकलं होतं.

माझी बदली इथे झाली हे त्यांना टोपीकडून सहज कळलं. मी ओरडलो की हा कट आहे, मी पोलिसांत जाईन. त्या शांतपणे म्हणाल्या, "जा की. सांगा, बाईने स्वस्तात घर दिलं. मी तेवढंच केलंय, साहेब. पुढचं अप्पांचं अप्पा बघतील."

बुधवार, १२ नोव्हेंबर, दुपार

रात्र ऑफिसातल्या बाकावर काढली. डोळ्याला डोळा नाही.

मी काय खून केला? माणसं कमी होती. वरून रोज विचारायचे, किती तक्रारी बंद केल्या? ज्याने त्याने तेच केलं असतं. म्हातारा आज ना उद्या जाणारच होता. आणि ही बाई! इतकी माया होती तर बापाला एकटं का ठेवलं? हिची अशी जिरवेन की गावात तोंड दाखवणार नाही.

सकाळी जोडणीचा अर्ज रद्द केला. बायकोला फोन लावला, येऊ नकोस सांगायला. तिने उचलला तेव्हा ट्रकचा आवाज येत होता. नवे भाडेकरू घाई करत होते म्हणून आजच घर सोडलं, उद्या पोचते, तुम्हाला चकित करायचं होतं, म्हणाली. हसत होती. मला पुढे बोलवेना.

तिची प्रमाणपत्रं आणि दागिन्यांची पेटी त्या घरात आहे. सहानंतर जाईन. दहा मिनिटांचं काम. सहानंतर अप्पांची सुट्टी असते.

बुधवार, संध्याकाळ

इस्त्रीवाल्यापाशी मेसेज आला होता. 'आपली जोडणी पुढे ढकलली आहे. वेळ निश्चित नाही. तंत्रज्ञ येईपर्यंत घरीच थांबा.' अर्ज तर मी रद्द केला होता. पुसून टाकला आणि आत आलो. दोन बॅगा भरल्या. साडेसहा.

कडी हलत नाही.

गुरुवार, १३

मागच्या दाराला गेलो. चपला माझ्या आधी तिथे.

गज कापायला काही नाही. ओरडून घसा बसला. गल्लीतून माणसं जातात. एकाने खिडकीकडे बघून मान लववली. मला नाही. खुर्चीला.

दहा वाजता मी गुडघ्यावर बसलो. म्हटलं, अप्पा, चुकलो. तुम्ही घरी होता. बाराही दिवस घरी होता आणि मला माहीत होतं. कडी सैल झाली — मी सांगतो, सैल झाली, बोटभर सरकली, फटीतून बाहेरचा वारा लागला. मग माझ्याच तोंडून निघालं, पण अप्पा, सगळेच तसं लिहायचे.

पुन्हा घट्ट.

गुरुवार

ट्रक. ही उतरली. निळी ओढणी. बेल दाबतेय. दाबतेय. मी तिच्यापासून दोन हातांवर — मधे एक फळी. तिचे पैंजण ऐकू येतात मला. नावाने हाक मारतो —

खिडकीत आली. गजांना हात लावला. मी तिची बोटं धरली. तिने थंडी वाजल्यासारखी मागे घेतली.

खुर्चीकडे बघून बोलली. आजोबा, आमचे हे कुठे गेलेत हो? चेहरा उजळलेला. थोरामोठ्यांशी बोलते तशी. त्यांनी काय खूण केली मला दिसली नाही — तिचा चेहरा दिसला. उतरत गेलेला. घरी नाहीत? म्हणाली.

बाई आल्या. तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेल्या. हळू, आजाऱ्याला नेतात तसं. वळणावर तिने एकदा मागे पाहिलं. ट्रक मागे घेतला.

आता कोणी नाही

डाव्या हाताला मुंग्या. खांद्यापर्यंत. फोनवर एक काडीसुद्धा रेंज — 

अप्पा मी सगळं लिहून देतो. बाराही तारखा. कंपनीला, बाईंना, पेपरात. सही करतो. बघा लिहितोय, बघा —

चपला दारापासून वळल्या. खुर्चीकडे नाही. माझ्या माग