नीताची कुऱ्हाड

शनि., ४ ऑक्टो.
अखेर नीताने स्वतःची कुऱ्हाड घेतली. फेकायची. बायको इथे आखातात फळ्यावर नेम धरून कुऱ्हाड फेकते हे गावी अजून सांगितलेलं नाही. दुकानात मी उचलली ती काळी, रबरी मुठीची, भारदस्त. हिने हातात तोलली, खाली ठेवली. "अहो, ही लाकडं फोडायची. मला फेकायचीय." मग हलक्या, लाकडी दांड्याच्या घेऊन बसली. एकेक दांडा उजेडात धरून लाकडाच्या रेषा बघत होती. सरळ टोकापर्यंत जायला हव्यात, तिरक्या असल्या की दांडा तिथेच मोडतो. दुकानदार कंटाळला. वांगी निवडतानाही हिचं असंच, तेव्हा मी कंटाळतो. आज नाही.

मंगळ., ७
कुऱ्हाडफेकीच्या रेंजवर गेलो, नुसता बघायला. जबल अलीहून कंपनीच्या बसने दमून येणारी बाई ती हीच? पाय रोवले, श्वास सोडला, हात सरळ पुढे. हवेत एकच गिरकी आणि खट्, मधल्या वर्तुळात. शेजारचे दणकट गडी जोर लावतात नि त्यांच्या कुऱ्हाडी खाली पडतात. कोच जॉर्ज, लेबनानी, मला म्हणाला, "हबीबी, युवर वाइफ डझन्ट फाइट विथ इट." क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरलीय. चाचणी १८ला. नीताला ती जागा हवीय. बोलत नाही, पण हवीय. लग्नानंतर हिने स्वतःसाठी काही मागितल्याचं आठवत नाही.

रवि., १२
बाल्कनीत कुऱ्हाडीची सेवा. आधी पुसायची. पात्याला पडलेल्या खाचा कानशीने घासायच्या, दांड्याला पॉलिशपेपर, मग जवसाचं तेल, तेही पुसून काढायचं. म्हटलं, आण, विळीसारखी धार लावतो. "नको हो, धार फार पातळ झाली की टवका उडतो." लेक इरा आतून : "बाबा, प्लीज डोन्ट टच मम्माज ॲक्स."

बुध., १५
पातं जरा सैल वाटतंय म्हणाली. जॉर्जला दाखवते. त्याला कशाला? आमच्या लांज्याला कुऱ्हाड सैल झाली की रात्रभर पाण्यात ठेवतात. लाकूड फुगतं, पातं घट्ट. तिला न सांगता बादलीत बुडवली.

गुरु., १६
ती कामावर गेल्यावर काढली. दगडासारखी घट्ट! स्वतःवर बेहद्द खूश. पुसून जागच्या जागी ठेवली.

शुक्र., १७
वाट लागली. कोकणात हवेतच पाणी, इथे अष्टौप्रहर एसी. लाकूड सुकलं, आकसलं, पातं आधीपेक्षा जास्त खुळखुळतंय. फेकली तर कुणाच्या तरी टाळक्यात. नीताने हलवून बघितली. आता कडाडणार म्हणून मी उभाच.
"भिजवलीत?"
हो.
कुऱ्हाड पिशवीत ठेवली नि पोळ्या लाटायला गेली. ओरडली असती तर बरं. फार वाईट वाटतंय.

शनि., १८
जॉर्जने पातं हलवलं नि कुऱ्हाड बाजूला ठेवली. "खलास. नॉट टुडे." क्लबची उसनी, जड कुऱ्हाड घेऊन उभी राहिली. पहिल्या दोन फेकी खाली. मला बघवेना. मग ही अर्धं पाऊल मागे सरकली, जड कुऱ्हाडीला गिरकी पुरी करायला तेवढी जागा. बस, एवढंच. त्यानंतर एकही पडली नाही! कसं सुचतं? मी असतो तर तासभर दैवाला शिव्या घातल्या असत्या. शेवटी तिची नि एका रशियन मुलीची बरोबरी. पुढच्या शनिवारी दोघींची पुन्हा. टाळ्या पिटून माझे तळवे लाल. घरी येताना गाडीत म्हणाली, "आपल्या कुऱ्हाडीने जिंकले असते." आपल्या म्हणाली. माझ्या नाही.

शुक्र., २४
पातं उतरवून आठवडाभर दांडा सुकवला. आज नवी लाकडी पाचर. मला वाटलं जॉर्जकडे नेईल, तर हातोडी माझ्या हातात.
"मी?"
"लांज्याला ठोकायचात ना? मग ठोका."
पातं-दांडा तिने धरला, बोटं पाचरेच्या अगदी जवळ. हलवलीसुद्धा नाहीत. सावकाश ठोकली, वर आलेली कापली, तेल दिलं. म्हटलं, उद्या जॉर्जला आधी दाखव, तो नको म्हणाला तर क्लबची घे. "दाखवते," म्हणाली, आणि इराच्या जेवणाची तयारी करायला गेली.
मी चारदा हलवून बघितली. घट्ट बसलीय. पण बादलीतून काढली त्या गुरुवारीही घट्टच होती.