चौदाव्या टेपमधली चार मिनिटं

१४ मार्च २००५

टेप नंबर चौदा. म्हातारा चार मिनिटं बोलतो आणि लास्त्रीबाईंच्या कागदावर त्याच्या दोन ओळी. 'त्या वर्षी करपा आला. बटाटा सगळा गेला.' बस.

दोनदा घड्याळ लावून ऐकलं. मला जावानीज कळत नाही, मान्य. पण रडणं कळतं. मध्येच थांबतो, नाक ओढतो, पुन्हा बोलायला लागतो. करप्यासाठी सत्तरीचा माणूस रडेलही. पण मग एवढं रडणं दोन ओळींत कसं मावलं?

१५ मार्च

डॉ. लिम खोलीत डोकावून गेले. "कालिसेपी कुठवर?" म्हटलं, निम्म्यावर.

कालिसेपी मी पाहिलेलं नाही. जावाच्या मधल्या डोंगरांत, उंचावर, कोबी-बटाट्याचं गाव. डॉ. लिम इथून, सिंगापूरहून, जाऊन तिथे दोन महिने राहिले आणि एकतीस टेप भरून आणल्या. कुणाचं शेत कोणतं, कुणाकडून आलं, लग्नात काय देतात, मयताला काय शिजवतात. लास्त्रीबाई त्याचं इंग्रजी करतात, मी टाइप करून फायली लावते. वर्षभर हेच करून गाव पाठ झालंय. सकाळी नऊपर्यंत धुकं. मुखियाला पगार नाही, पगाराऐवजी जमीन — आपल्या वतनासारखंच. आईबाप हयातीतच वाटण्या करून टाकतात, घर बहुतेक धाकट्या मुलीला. लावणीआधी शेजाऱ्यांना बोलावून भात.

अहवालाची एक प्रत तिथल्या जमीन कचेरीत द्यायची आहे. संशोधनाची परवानगीच त्या अटीवर मिळाली. सध्या तिथे जमिनी नावावर करून देणं चालू आहे. म्हणजे आमच्या कागदात जे येणार नाही, ते कदाचित कुठेच येणार नाही.

१७ मार्च

जुन्या फायली काढल्या. 'लेदोक' हा एक शब्द मला कानाने ओळखता येतो — गावाखालच्या सखल शेतांचं नाव. टेप नऊवर 'लेदोक' आठ वेळा ऐकू येतं, कागदावर दोनदा. टेप अकरा, तेच. इतर ठिकाणी बाई घरात कोंबड्या किती तेसुद्धा सोडत नाहीत. लेदोक आलं की हात आखडतो.

घरी नवऱ्याला, धम्मदीपला सांगितलं. तो शिपयार्डमधून नुकताच आला होता, ताटावर बसला होता. म्हणाला, "तुला भाषा येत नाही, आणि तू चुका काढतेस?"

चूक कुठे म्हणतेय मी? मुद्दाम केलंय म्हणतेय.

२० मार्च, रविवार

टेप पर्समधून घरी आणली. नियमात बसत नाही. राणी गृहपाठ करता करता वैतागली — "ममा, दॅट क्रायिंग अंकल अगेन? स्टॉप, लाह."

आज लिहूनच टाकते. आमच्या आजोबांची हाडोळ्याची, म्हणजे वतनातली, तीन एकर जमीन होती. तलाठ्याकडच्या एका माणसाने नवा सातबारा उतरवताना एक ओळ गाळली. आजोबांच्या नावाची. मारलं नाही, धमकावलं नाही, फक्त उतरवलं नाही. बाबा बावीस वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिले. शेत आजही दुसऱ्याचं आहे.

धम्मदीप म्हणतो, म्हणून तुला सगळीकडे तेच दिसतं. असेल. पण म्हणूनच दिसतंही.

२३ मार्च

लास्त्रीबाई आज काम द्यायला आल्या. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, कायम तपकिरी रंगाचा स्कार्फ. सेम्बावांगला राहतात, नवरा इथलाच, बसच्या डेपोत मेकॅनिक. तोंडावर मी त्यांना काक म्हणते, म्हणजे ताई. त्या मला दर्शिनी म्हणतात, 'प्रिय' कापून.

सहज विचारल्यासारखं विचारलं, "काक, तुमचं मूळ गाव कोणतं?"

"सेमारांग."

मोठं शहर. समुद्रकाठचं. बरं. थोड्या वेळाने मी एसीला नावं ठेवली, हात गोठले म्हटलं. त्या टेप मोजत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ही कसली थंडी. आमच्याकडे जुलैत बटाट्याच्या पानांवर दव गोठतं."

टेप मोजून झाल्या होत्या तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.

२४ मार्च

सेमारांगला दव गोठत नाही. इंटरनेटवर पाहिलं.

२९ मार्च

केलं शेवटी. डॉ. लिमना ईमेल पाठवली. तिन्ही टेपांचे आकडे दिले, गोठलेल्या दवाचंही लिहिलं. माझा अंदाज लिहिला — बाई त्याच भागातल्या आहेत आणि लेदोकची शेतं कुणीतरी दाबली असणार, आणि तो दाबणारा बाईंच्या नात्यातला आहे.

अर्ध्या तासात फोन. "तुझी खात्री आहे?"

म्हटलं, आहे.

"मग पुढच्या टेप तिला देऊ नकोस. मी बोलतो तिच्याशी."

हलकं वाटलं. खोटं का लिहू — चांगलंच वाटलं. बाबांसाठी काहीतरी केल्यासारखं.

३० मार्च

बाई टेप परत करून गेल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येक टेप सुरुवातीपर्यंत गुंडाळलेली. एक शब्द विचारला नाही. जाताना एवढंच — "दर्शिनी, शेवटच्या दोन फायलींना पान नंबर घालायचे राहिले होते. घातलेत."

निर्दोष माणूस भांडला असता. नाही का?

५ एप्रिल

नवीन भाषांतरकार मिळेना. मला धीर नव्हता. आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत, लोन्तोंग — रश्शातल्या भाताच्या वड्या — विकणाऱ्या माकचिक, म्हणजे मावशी, आहेत, साठीच्या. जन्म इथला, पण आईबाप जावाहून आलेले, घरात तीच भाषा. आज सुट्टी टाकली होती. तीन वाजता गिऱ्हाईक नसतं. वॉकमन घेऊन गेले. म्हटलं, चार मिनिटं ऐकाल का?

स्कार्फखालून इयरफोन घातले. आधी हसत होत्या, म्हाताऱ्याचा हेल गावंढळ आहे म्हणून. मग पातेल्यातली पळी थांबली. संपल्यावर इयरफोन काढून माझ्या हातात ठेवले आणि हात धुतले.

"कुठून आणलंस हे?"

ऑफिसचं काम, म्हटलं. आधी सांगायला तयार नव्हत्या. मग हळूहळू सांगितलं. आठवतंय तसं उतरवते.

म्हातारा म्हणतो — लेदोकचं शेत माझं नाही. सास्त्रोचं आहे. सास्त्रो शाळामास्तर होता. पासष्ट साली कम्युनिस्ट म्हणून माणसं उचलली, तेव्हा त्यालाही ट्रकमध्ये घालून नेलं. परत आला नाही. तेव्हाचा मुखिया मला म्हणाला, हे शेत आता तू कस, कागद मी बघतो. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. रमजानच्या आधी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरी झाडून घेतं. सास्त्रोला कबर नाही. मी कुणी बघत नसताना त्याच्या बांधावर फुलं ठेवतो. बायको त्याची पोरीला पाठीशी बांधून निघून गेली. चार-पाच वर्षांची पोर. लास म्हणायचो आम्ही तिला.

माकचिक म्हणाल्या, "असल्या टेप एनीहाऊ वाजवत फिरू नकोस, गर्ल."

लोन्तोंगची प्लेट घेतली होती. तशीच राहिली.

६ एप्रिल

लास. लास्त्री. पंचेचाळीस वर्षं. हिशेब बसतो.

शेत दाबणाऱ्यांपैकी नाहीत त्या. ज्यांचं दाबलं त्यांच्यापैकी आहेत. बाईंनी स्वतःच्या बापाचं नाव गाळलं.

पण का? आपलं नाव आपल्या हाताने कुणी पुसत नाही. माझे बाबा एका ओळीसाठी बावीस वर्षं झिजले, आणि हिच्या हातात ओळ आयती आली तर हिने करपा लिहिला! यात काहीतरी आहे. कुणीतरी गप्प बसायला सांगितलंय, किंवा काही दिलंय.

९ एप्रिल, शनिवार

सेम्बावांगला जाऊन आले. फोन न करता. पाचवा मजला, दाराबाहेर मिरचीच्या कुंड्या. नवरा कामावर होता. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणाकडून ऐकवून घेतलंस?"

सांगितलं. त्यांनी मला बसवलं, चहा केला. आपण उभ्याच राहिल्या.

मी विचारलं, "काक, तुमच्या वडिलांचं नाव होतं त्यात. तुम्ही गाळलंत. का?"

"आईने माझ्या वडिलांचं नाव बदललं तेव्हा मी सहा वर्षांची होते. सेमारांगला कुणाच्या तरी घरी धुणीभांडी करत होती. मला रोज विचारायची, तुझ्या बापाचं नाव काय? चुकून खरं सांगितलं की मार. लाल माणसाच्या पोरीला शाळेत घेत नव्हते."

"पण आता ते दिवस नाहीत ना. म्हातारा स्वतःच्या तोंडाने म्हणतोय, शेत त्याचं आहे."

"कुणासमोर म्हणतोय? मशीनसमोर. ते मशीनमधलं कागदावर येणार, कागद कचेरीत जाणार. आता मुखिया कोण आहे ठाऊक आहे? त्या मुखियाचाच मुलगा. तो पाक विर्योला विचारेल, माझ्या बापाचं नाव का घेतलंस? त्या शेतावर विर्योची नऊ माणसं जगतात, दर्शिनी."

पाक विर्यो, म्हणजे विर्योबाबा — तो टेपवरचा म्हातारा. वर्षभर टाइप करून मला त्याचा नंबर ठाऊक होता, नाव लक्षात नव्हतं.

"तुम्हाला नकोय ते शेत?" मी विचारलं.

त्यांनी माझा कप उचलला. अर्धा भरलेला होता.

"मला काय हवंय ते माझं मी बघेन. ती चार मिनिटं तेवढी कुणाला देऊ नकोस."

माफी मागितली. ऐकून घेतली. 'ठीक आहे' म्हणाल्या नाहीत.

११ एप्रिल

टाइप केलं : 'टेप १४. मिनिट २२ ते २६. आवाज अस्पष्ट.'

करप्याच्या दोन ओळीही काढल्या. खोटं कशाला ठेवायचं.

तलाठ्याच्या माणसाने एक ओळ गाळली होती. मी चार मिनिटं गाळली. हे वेगळं आहे, असं त्यालाही वाटलं असेल का?

१२ एप्रिल

डॉ. लिमना सांगितलं, माझी चूक झाली, टेपच खराब आहे. म्हणाले, "त्या दिवशी तू फार खात्रीने सांगितलं होतंस." माझ्यावर विश्वास नाही राहिला, दिसतंच आहे. लास्त्रीबाईंना पुन्हा काम देऊ केलं. त्यांनी नको म्हणून कळवलं.

१९ मे

मनाला बरं वाटेना म्हणून लास्त्रीबाईंच्या घरी फोन केला. नवऱ्याने उचलला.

"ती नाहीये. जावाला गेलीय."

"सेमारांगला?"

"नाही. वर, डोंगरात."

कशाला, विचारलं. म्हणाला, तिचं काम आहे. कधी येणार, ते ठाऊक नाही. जाताना बँकेतले तिचे सगळे पैसे काढून घेऊन गेलीय, वीस वर्षांत पहिल्यांदाच.

२० मे

झोप नाही नीट. मला बनवलं का त्यांनी? ती चार मिनिटं माझ्या हातून गाळून घेतली, आणि आता पैसे घेऊन त्याच गावात. म्हाताऱ्याची कबुली आता कुठल्याच कागदावर नाही. जे ठाऊक आहे ते तिला आणि मला. नऊ माणसांची दया यावी इतकं ते सांगणं सरळ होतं. फारच सरळ.

धम्मदीपला हे नाही सांगितलं. तो म्हणेल, तुझं पुन्हा सुरू झालं.

३ जून

डॉ. लिम कालिसेपीला गेले, शेवटच्या फेरीसाठी. कोण कोण भेटतं ते कळवा म्हटलं. त्यांना नवल वाटलं.

१४ जून

काही नाही. आज बाबांचा फोन होता. कचेरीत नवीन साहेब आलाय म्हणे, पुन्हा एकदा अर्ज देऊन बघतो. द्या, म्हटलं.

२६ जून

डॉ. लिमची ईमेल, वाटेतल्या शहरातून. लेदोकच्या एका शेताची खरेदी त्यांच्यासमोर झाली. घेणारी सिंगापूरहून आलेली बाई — आपली लास्त्रीच, त्यांना धक्काच बसला. त्यांच्याशी बोलली नाही. तिथल्या चालू भावाने सौदा, पैसे रोख, नाव तिचं. गावाला ती कोण ते ठाऊक नाही. पण कागदावर अंगठा उठवून झाल्यावर विर्यो म्हाताऱ्याने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि पैशांची पिशवी काही केल्या घेईना. मुलं ओरडली, मुखियाने समजावलं, नाहीच. म्हातारा चळला असं गाव म्हणतंय. शेवटी पिशवी सुनेच्या हातात देऊन ती बाई बांधावर जाऊन बसली.

खाली लिहिलंय : 'हा व्यवहार मला उलगडत नाही. टेप ऐकताना तुला काही लक्षात आलं होतं का?'

नाही, म्हणून कळवलं.