कुकरमधले हॉटडॉग

अहो,

नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे, हे आधी वाचा. लेकीला दवाखान्यात ठेवले आहे, केवळ रक्तदाब चढला म्हणून. बाळंतपणाला महिना आहे.

नात माझ्या हातचे जेवेना, तिला हॉटडॉग हवे होते. मी कुकरला लावून तीन शिट्ट्या केल्या. सगळे फुटले.

"आजी, आई तव्यावर करते," ती म्हणाली.

मग तव्यात घोटभर पाणी घातले आणि ते आटल्यावर खरपूस परतले. जन्मात मांसाला न शिवलेली मी, घशात अडकू नयेत म्हणून उभे चिरून भरवते. रोज अर्धा ती आईसाठी ठेवायला लावते. फ्रिजमध्ये तीन अर्धे झालेत.

गोळ्या वेळेवर घेता ना? इकडे येण्याची मुळीच गरज नाही. फक्त पासपोर्ट कपाटातून काढून ठेवा.

तुमचीच